चप्पल घट्ट होतेय

उज्जैनच्या फ्रीगंजमधलं एक मेडिकल. संध्याकाळची गर्दी ओसरली की एकेकटी म्हातारी माणसं येतात. मुलं पुण्यात, बेंगळुरूत, नाहीतर परदेशात. शिंद्यांच्या काळापासून माळव्यात रुजलेल्या मराठी घरांतही आता कित्येकदा एकच माणूस उरलेलं असतं.

असेच एक आजोबा. रिकामी पट्टी पुढे करतात, महाकालच्या गर्दीविषयी बोलतात, सुटे मोजून घेतात आणि निघता निघता म्हणतात, “चप्पल ज़रा कसने लगी है।”

दुकानदार त्यांना बाकावर बसवतो, घोट्याशी बोट दाबतो. खळगा पडतो, लवकर भरत नाही. पट्टी अ‍ॅम्लोडिपिनची. रक्तदाबाच्या या गोळीने काहींचे पाय सुजतात. पण सूज हृदयामुळे किंवा मूत्रपिंडामुळेही येऊ शकते. म्हणून तो विचारतो, “बाबूजी, रात को तकिये कितने लगते हैं?” दोन. पूर्वी एकच उशी लागायची. गोळी मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना आजच दाखवा, असं बजावून तो स्वतः रिक्षा थांबवतो.

सूज कधीपासून आहे, हे आजोबांना सांगता आलं नाही. भरल्या घरात जेवायला बसताना कुणीतरी म्हटलं असतं, “बाबा, पाय सुजलेत का हो?” एकट्या माणसाचं अडतं ते इथेच. माहिती मोबाइलवरही मिळते, पण आपल्याला काही होतंय हे आधी कुणीतरी लक्षात आणून द्यावं लागतं.

2013च्या शहरी आरोग्य अभियानातून आलेल्या आशा कार्यकर्त्यांचा भर गरीब वस्त्यांवर आहे. पक्क्या घराचं बंद दार त्यांच्या वाटेत सहसा येत नाही. सत्तरीपुढच्यांना 2024पासून मिळणारं आयुष्मान कार्ड इस्पितळात दाखल झाल्यावर उपयोगी पडतं. ज्येष्ठांसाठी 14567, मनाच्या त्रासासाठी 14416. या हेल्पलाइन हव्यातच, पण घट्ट झालेल्या चपलेसाठी कोण फोन लावणार?

निदान करणं दुकानदाराचं काम नव्हे, आणि त्याने ते केलंही नाही. औषधाबद्दल रुग्णाला समजावून सांगणं हे तर 2015च्या नियमांनी फार्मासिस्टचं कर्तव्यच ठरवलंय. त्या कामाला वेळ, थोडं प्रशिक्षण आणि मोबदला मिळायला हवा. आणि जवळच्या सरकारी दवाखान्याच्या वेळा प्रत्येक काउंटरवर ठळक मराठी-हिंदीत लावलेल्या हव्यात.