संगणकाची स्मृती : बसविलेली आणि वापरात येणारी

शाळेतील वा कार्यालयातील जुन्या संगणकात ४ जीबी स्मृती (रॅम) बसविल्याचे देयकात नमूद असते. पडद्यावर मात्र ‘वापरण्याजोगी ३.२५ जीबी’ असा आकडा दिसतो. पुरवठादाराने माल कमी दिला की काय, अशी शंका तेव्हा साहजिकच येते. तथापि दोष बहुधा मालाचा नसून पत्त्यांच्या मर्यादेचा असतो.

स्मृतीतील प्रत्येक बाइटला संगणक एक क्रमांक, म्हणजेच पत्ता देतो. ३२-बिट पद्धतीत असे ४,२९,४९,६७,२९६ पत्ते तयार होतात. हे पत्ते म्हणजेच ४ जीबी. परंतु पडद्यावरील चित्रे सांभाळणारे कार्ड व अन्य उपकरणे यांनाही याच पत्त्यांतून वाटा द्यावा लागतो. गावच्या नोंदवहीत घर क्रमांक चार अंकीच असावा असा नियम असला आणि त्यांतील काही क्रमांक शाळा, दवाखाना व चावडी यांच्यासाठी राखून ठेवले, तर तितक्या घरांना क्रमांक मिळणार नाही. घरे जागेवर असतात. पण टपाल तेथे पोहोचत नाही. स्मृतीचेही तसेच होते.

ही अडचण नवी नाही. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात १,०२४ किलोबाइट पत्त्यांपैकी ६४० किलोबाइटच आज्ञावलींसाठी मोकळे होते. उर्वरित ३८४ राखीव होते.

६४-बिट पद्धतीत पत्त्यांची ही टंचाई उरत नाही. २०२१ साली आलेली विंडोज ११ ही प्रणाली संगणकांसाठी केवळ ६४-बिट स्वरूपातच उपलब्ध आहे. मात्र चित्रांसाठी स्वतंत्र कार्ड नसलेल्या संगणकात मुख्य स्मृतीचा काही भाग त्या कामी खर्च होतो, हे तेथेही लक्षात ठेवावे.

म्हणून अधिक स्मृती खरेदी करण्याचा ठराव मांडण्यापूर्वी संगणकाची प्रणाली ३२-बिट आहे की ६४-बिट, हे अवश्य तपासावे. विंडोजच्या नेहमीच्या ३२-बिट आवृत्तीत ८ जीबी बसविले तरी वापर ४ जीबीच्या आतच राहतो. प्रक्रियक ६४-बिट असल्यास प्रणाली बदलता येते. परंतु ती नव्याने बसवावी लागते. त्याआधी सर्व दप्तराची प्रत अन्यत्र ठेवावी आणि जुना छपाईयंत्र व जुन्या आज्ञावली नव्या प्रणालीवर चालतील, याची खात्री करून घ्यावी.

एवढी दक्षता घेतल्यास सार्वजनिक निधी वाया जाणार नाही आणि निर्दोष पुरवठादारावर ठपकाही येणार नाही.