अंशातील रिंगणे

दोनपासून नऊपर्यंतचे आठ अंक एकेकदा वापरून किती संख्या लिहिता येतील, असा प्रश्न भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) घातला आहे. उत्तर ४०,३२०; म्हणजे एक ते आठ यांचा गुणाकार, आठचे क्रमगुणित. मांडणी मोजणारे हेच क्रमगुणित अपूर्णांकांच्या बेरजेतही भेटते.

१ + १/२ + १/३ = ११/६. छेदातील ६ हे तीनचे क्रमगुणित. आता वसतिगृहातील चार विद्यार्थी दोन रिंगणांत बसवू. एकट्याचेही रिंगण मानू. रिंगण फिरवले तरी रचना तीच समजू. तीन-एक अशा ८, दोन-दोन अशा ३, एकूण ११. अंशातही ११!

हा योगायोग नव्हे. पाचवा विद्यार्थी आला, तर तो चौघांपैकी कोणाच्याही डावीकडे बसेल : ११ × ४ = ४४. अथवा तो एकटा बसेल व चौघे एकाच रिंगणात. त्याच्या रचना ६. एकूण ५०. तिकडे ११/६ मध्ये १/४ मिळवतानाही ११ × ४ + ६ हीच आकडेमोड होते, उत्तर ५०/२४.

१, ३, ११, ५०, २७४... ही क्रमिका अठराव्या शतकातील स्कॉटिश गणिती जेम्स स्टर्लिंग यांच्या नावाच्या संख्यांत मोडते. रिंगणे तीन-चार केली, की त्याच कुळातील इतर संख्या मिळतात.

५०/२४ चे अतिसंक्षिप्त रूप २५/१२. उत्तर बिनचूक; पण त्यात पन्नास रचना दिसेनाशा होतात. आम्ही शिक्षक मात्र संक्षेप न करणाऱ्याचा अर्धा गुण कापत आलो.