‘मी आले’ म्हणण्याचे मोल

मराठीइतके माणसाला पदोपदी हटकणारे व्याकरण थोडेच असेल. ‘मी आलो’ म्हणावे की ‘मी आले’, याचा निर्णय केल्यावाचून मराठी मूल घरात पाऊल टाकल्याचेसुद्धा सांगू शकत नाही. आपण हा निर्णय दिवसातून शंभरदा करतो आणि आपल्याला त्याची दादही नसते. कारण जिभेवरचे क्रियापद आणि मनातले माणूस यांचे आपल्यापुरते भांडण नसते. पण ज्या माणसाच्या बाबतीत ते असेल, त्याने काय करावे?

थाई भाषेची तऱ्हा थोडी निराळी आहे. तेथे क्रियापदाला लिंग नाही. परंतु अदबीने बोलायचे तर वाक्याच्या शेवटी पुरुषाने ‘ख्रप’ म्हणायचे आणि स्त्रीने ‘खा’. एका अक्षरात बोलणारा कोण ते ठरते. हे ‘खा’ आपल्या हक्काचे व्हावे म्हणून जिने मुष्टियुद्धाच्या रिंगणात हाडे शेकून घेतली, त्या परिन्या चारोएनफोल हिची जीवनकथा ‘ब्यूटिफुल बॉक्सर’ या २००३ सालच्या थाई चित्रपटात आली आहे. लोक तिला ‘नोंग तूम’ म्हणतात. ‘नोंग’ म्हणजे धाकटे भावंड. भाऊ की बहीण, याची त्या शब्दाला पंचाईत नाही!

तूमचा जन्म १९८१ सालचा. मुलगा म्हणून जन्मलेल्या या पोराला फुलांची आणि ओठांच्या लालीची ओढ. घरी कमालीचे दारिद्र्य. काही काळ तो बौद्ध मठात श्रामणेर म्हणूनही राहिला. पुढे जत्रेतल्या एका झुंजीत तो उतरला, जिंकला आणि हाती पैसे आले. त्या पैशांनी त्याची वाट ठरवली. आपल्या हातापायांत बळ आहे. त्यावर आईबापांचे पोट भरता येईल आणि एक दिवस शस्त्रक्रिया करून मनासारखा देहही मिळवता येईल, हा विचार तिथून रुजला. (येथपर्यंत ‘तो’ लिहिले, तूमला विचाराल तर पहिल्यापासून ‘ती’च. म्हणून यापुढे आपणही ‘ती’ म्हणू.)

मुए थाई हा खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. यात केवळ गुद्दे नाहीत. मुठी, कोपर, गुडघे आणि नडग्या अशा आठ अंगांनी मारा होतो. झुंजीपूर्वी खेळाडू डोक्याला पवित्र कडे बांधून सनईसारख्या वाद्याच्या सुरावर गुरुवंदनेचे नृत्य करतो. इतक्या कठोर खेळाच्या दाराशी एवढे लालित्य! तूमने ते नृत्य असे काही केले, की प्रेक्षक आधी हसले आणि मग बघत राहिले. चियांग माईजवळच्या तालमीत तिला लाभलेला गुरूही जाणता होता. शिष्येने तोंडाला रंग लावला तरी त्याने तिला तालमीतून हाकलले नाही. तिच्या गुडघ्यातला जोर त्याने आधी पाहिला. सोरापोंग चात्री या मुरलेल्या नटाने ही भूमिका फार संयमाने केली आहे.

फेब्रुवारी १९९८ मध्ये बँकॉकच्या सुप्रसिद्ध लुंपिनी रिंगणात तिची झुंज ठरली, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. वजन करताना सर्व वस्त्रे उतरवण्याचा तिथला रिवाज. तूमने अंतर्वस्त्र काढण्यास नकार दिला आणि तिला रडू कोसळले. सामन्यात मात्र ती जिंकली आणि हरलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या गालाचे तिने चुंबन घेतले! विराटाच्या दरबारी बृहन्नडा झालेल्या अर्जुनाने स्त्रीवेष घेतला तो स्वतःला लपवण्यासाठी; हिने ओठ रंगवले ते स्वतःला दाखवण्यासाठी. फरक आहे तो इथे.

आणि कथेचा खरा पेच याच रिंगणात आहे. स्त्रीचा स्पर्श झाला तर रिंगण बाटते, अशी तेथे समजूत होती. लुंपिनीत स्त्रियांची पहिली झुंज झाली ती थेट नोव्हेंबर २०२१ मध्ये. म्हणजे स्त्रीदेहासाठी लागणारा पैसा जिथे मिळत होता, तिथे तो देह मिळताच दार बंद होणार होते. १९९९ साली तूमने शस्त्रक्रिया करून घेतली. जिंकण्यासाठी माणसे खेळतात. ही मुलगी जणू खेळ सोडता यावा म्हणून खेळली. २००६ साली ती पुन्हा झुंजीत उतरली, तेव्हा ती स्त्री म्हणून उतरली.

दिग्दर्शक एकाचाई उएक्रोंगथाम यांचा हा पहिलाच चित्रपट. त्यात उणे नाही असे नाही. तूमची कहाणी एका परदेशी वार्ताहराला सांगण्याची क्लृप्ती उपरी वाटते. टोकियोतल्या महिला कुस्तीगिराशी झालेला सामना भपक्याकडे झुकतो. परंतु नायिकेच्या भूमिकेसाठी आसनी सुवान या खऱ्याखुऱ्या मुष्टियोद्ध्याला निवडले, हे दिग्दर्शकाचे भाग्य. पूर्वी कधी अभिनय न केलेल्या या तरुणाने थायलंडमध्ये सर्वोत्कृष्ट नटाचा पुरस्कार पटकावला. त्याचे घाव खरे वाटतात, आणि आरशापुढचे लाजणेही.

आपल्या घरांशी याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने आपले लिंग कोणते हे सांगण्याचा अधिकार ज्याचा त्याला दिला. पण निकालपत्र कपाटात राहते. क्रियापद रोज तोंडात येते. आईने ‘जेवलास का?’ ऐवजी ‘जेवलीस का?’ विचारावे, याहून मोठे मागणे अशा मुलीचे सहसा नसते. नोंग तूमला त्यासाठी आठ अंगांनी लढावे लागले. आपल्या एखाद्या लेकराला ते पानावर बसल्या बसल्या मिळाले, तर आपले काय खर्च होणार आहे?