चपळ कार्यपद्धती आणि व्यवसाय-विश्लेषकाची भूमिका : कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या संदर्भात

प्रस्तावना

ग्राहकाच्या गरजा प्रथम संपूर्ण लिहून काढाव्यात, त्यांवर स्वाक्षरी घ्यावी आणि मगच संगणक प्रणालीच्या निर्मितीस आरंभ करावा, ही पद्धत दीर्घकाळ रूढ होती. तिला ‘वॉटरफॉल’ म्हणतात. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे जमलेल्या १७ तज्ज्ञांनी वेगळी दिशा मांडली. त्यांच्या जाहीरनाम्यात ४ मूल्ये व १२ तत्त्वे असून त्यातून ‘अजाईल’ म्हणजे चपळ कार्यपद्धती हे नाव रूढ झाले. सविस्तर दस्तऐवजापेक्षा चालणाऱ्या प्रणालीस ती अधिक महत्त्व देते. मग गरजांचा दस्तऐवज लिहिणाऱ्या व्यवसाय-विश्लेषकाचे, म्हणजे बिझनेस ॲनालिस्टचे, स्थान कोणते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका परिचित उदाहरणाच्या आधारे केला आहे.

गरजा का बदलतात?

१९८३ मध्ये स्थापन झालेल्या कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने २००० च्या दशकाच्या आरंभी मालमत्ता कर, पाणीपट्टी, जन्म-मृत्यू दाखले इत्यादी सेवा संगणकीकृत करून नागरी सुविधा केंद्रातून देण्यास प्रारंभ केला. पुढे हा प्रयोग राज्यातील अन्य नागरी संस्थांसाठी नमुना ठरला. मात्र याच काळात महापालिकेची हद्द स्थिर राहिली नाही. २००२ मध्ये २७ गावे वगळण्यात आली आणि २०१५ मध्ये ती पुन्हा समाविष्ट झाली. २०२० मध्ये त्यांपैकी १८ गावे वगळण्याचा शासनाने घेतलेला निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द ठरविला.

हद्द बदलली की कराची आकारणी, प्रभागरचना, थकबाकीचा हिशेब आणि दाखला देणारे कार्यालय, सारेच बदलते. हे बदल कोणत्याही विश्लेषकास आधी लिहून ठेवता आले नसते. म्हणजेच दोष त्याच्या दूरदृष्टीचा नसून दस्तऐवज अंतिम मानण्याचा असतो. त्याचा भुर्दंड मात्र खिडकीपुढे उभ्या असलेल्या नागरिकास पडतो.

विश्लेषकाचे बदललेले काम

‘स्क्रम’ या प्रचलित चपळ पद्धतीत काम जास्तीत जास्त एक महिन्याच्या टप्प्यांत विभागले जाते व प्रत्येक टप्प्याअखेर वापरण्याजोगा भाग दाखविला जातो. गरज ‘युजर स्टोरी’च्या रूपात लिहिण्याची रीतही रूढ आहे. रॉन जेफ्रीज यांनी २००१ मध्ये तिची तीन अंगे सांगितली : कार्ड, संवाद आणि पडताळणी.

उदाहरणार्थ, कार्डावर असे लिहिता येईल : ‘समाविष्ट गावातील घरमालक म्हणून ग्रामपंचायतीकडे भरलेली घरपट्टी माझ्या खात्यावर दिसावी, म्हणजे तीच रक्कम पुन्हा भरावी लागणार नाही.’ खरे काम यानंतर सुरू होते. पावती दिवंगत वडिलांच्या नावावर असल्यास काय? घर क्रमांक बदलला असल्यास काय? हे प्रश्न विश्लेषकाने वसुली लिपिकाजवळ बसून विचारावयाचे असतात. जुनी पावती नोंदविल्यावर त्या वर्षाची थकबाकी शून्य दिसणे, ही पडताळणी होय.

स्क्रममध्ये ‘व्यवसाय-विश्लेषक’ असे स्वतंत्र पद नाही. परंतु हे काम कोणास तरी करावेच लागते. त्यामुळे विश्लेषकाची आवश्यकता संपत नाही. एकदाच लिहून देणारा लेखक न राहता तो अखेरपर्यंत चालणाऱ्या संवादाचा दुवा बनतो.

मर्यादा

सार्वजनिक संस्थांत निविदेद्वारे कामाची व्याप्ती व किंमत आरंभीच ठरते, अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात आणि कायद्यानुसार अभिलेख ठेवावेच लागतात. तेथे दस्तऐवजास फाटा देणे योग्य नव्हे. मात्र हद्द, दर व नियम अंमलबजावणीच्या दिनांकासह स्वतंत्र तक्त्यांत ठेवले, तर बदल झाल्यावर संपूर्ण प्रणाली उकलावी लागत नाही. कोणती बाब बदलण्याचा संभव आहे, हे ओळखणे विश्लेषकाचेच कर्तव्य आहे.

समारोप

या विवेचनाचा अध्यापनाशी निकटचा संबंध आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात गरजांचा अहवाल सत्रारंभी एकदाच लिहून घेतला, तर गरज बदलते हा अनुभव त्यांना येत नाही. ठाणे-कल्याण परिसरातील महाविद्यालयांत ग्रंथालय वा प्रवेश कार्यालयातील कर्मचाऱ्यांस दर पंधरवड्याला प्रकल्प दाखवून त्यांच्या सूचनांची व झालेल्या बदलांची नोंद ठेवता येईल. त्या नोंदीस गुण दिल्यास खिडकीपलीकडील माणसाचे ऐकून घेण्याची सवय विद्यार्थ्यांना पदवीपूर्वीच लागेल.