पाणअळीव : पान पौष्टिक, पण पाणी तपासा

बाळंतिणीच्या आहारात अळिवाला फार पूर्वीपासून मानाचे स्थान आहे. अळिवाची खीर आणि नारळ-गुळाचे लाडू घरोघरी परिचित आहेत. याच अळिवाची एक भाऊबंद वनस्पती वाहत्या पाण्यात व पाणथळ जागी आपोआप वाढते. इंग्रजीत तिला वॉटरक्रेस म्हणतात. पोर्तुगीज भाषेत तिचे नाव ‘आग्रियांव’ असे आहे. सोयीसाठी येथे तिला ‘पाणअळीव’ म्हटले आहे.

पाणअळीव मूळची युरोप व आशिया खंडांतील होय. भारतात ती मुख्यत्वे हिमालयासारख्या थंड हवेच्या डोंगराळ प्रदेशांत झऱ्यांच्या काठी आढळते. तिचे देठ पोकळ असल्यामुळे ते पाण्यावर तरंगतात व पेरापेरांतून पांढरी मुळे फुटतात. एका देठावर लहान पानांच्या जोड्या असून टोकाचे पान सर्वांत मोठे असते. फुले पांढरी, चार पाकळ्यांची असतात. मोहरी, मुळा, कोबी आणि अळीव यांच्या कुळाची हीच ओळख आहे.

पान चावताच जिभेला झणका बसतो. पानातील एक गंधकयुक्त द्रव्य पेशी चिरडल्या जाताच तिखट तेलात रूपांतरित होते, त्याचा हा परिणाम होय. पोषणाच्या दृष्टीने ही भाजी श्रेष्ठ दर्जाची आहे. शंभर ग्रॅम ताज्या पानांत सुमारे ४० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व व १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पोषणमूल्यांनुसार ४१ फळे व भाज्यांची क्रमवारी लावण्यात आली. तीत पाणअळिवाला पहिला क्रमांक मिळाला.

इतकी गुणकारी भाजी फुकट मिळत असता तिची शेती करण्याचे कारण काय, असा प्रश्न साहजिकच पडतो. इंग्लंडमध्ये १८०८ साली विल्यम ब्रॅडबेरी यांनी केंट परगण्यात पाणअळिवाची व्यापारी लागवड सुरू केली. पुढे हॅम्पशायरमधील ऑल्रेसफर्ड हे गाव या पिकासाठी प्रसिद्धीस आले. १८६५ साली तेथे रेल्वे आली आणि ताजी भाजी लंडनच्या बाजारात जाऊ लागली. ‘वॉटरक्रेस लाइन’ हे त्या मार्गाचे नाव आजही प्रचलित आहे. या वाफ्यांना भूगर्भातील झऱ्यांचे स्वच्छ पाणी सतत वाहते ठेवून दिले जाते. या लागवडीचे खरे मोल या पाण्यात आहे.

कारण रानातील पाणअळिवात एक मोठा धोका संभवतो. गुरे व मेंढ्या यांच्या यकृतात पानाच्या आकाराचा एक चपटा कृमी राहतो. त्याची अंडी शेणावाटे बाहेर पडून पाण्यात जातात. अंड्यांतून निघालेली पिले पाण्यातील विशिष्ट गोगलगाईंच्या शरीरात वाढतात. तेथून बाहेर पडून ती पाणवनस्पतींच्या पानांना चिकटतात व स्वतःभोवती कवच तयार करतात. हे कण इतके सूक्ष्म असतात की ते सहसा दृष्टीस पडत नाहीत. असे पान माणसाने कच्चे खाल्ले तर कृमी आतडे भेदून यकृतात पोहोचतो. ताप, उजव्या कुशीत दुखणे, अशक्तपणा ही त्याची लक्षणे होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ७०हून अधिक देशांत किमान २४ लाख लोकांना या कृमीची बाधा झालेली आहे. दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हियाच्या पठारावर हे प्रमाण सर्वाधिक आढळले आहे.

पाने नुसती धुतल्याने किंवा त्यांवर लिंबू पिळल्याने या कृमीचा नाश होईल याची खात्री देता येत नाही. चांगले शिजविल्यास मात्र तो मरतो. रोग झाल्यास त्यावर औषध उपलब्ध आहे. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

पाणअळीव आपल्या गावात उगवत नसेल, तरीही हा विषय दूरचा नाही. याच जातीचा कृमी आपल्याकडील गाई, म्हशी व शेळ्या-मेंढ्यांना जडतो. जनावर खंगते, दूध आटते, जबड्याखाली सूज येते. तळ्याच्या किंवा ओहोळाच्या काठचा ओला चारा हे त्याचे प्रमुख कारण होय. म्हणून पाणथळ काठावर गुरे चारू नयेत, शेण पाण्यात जाऊ न देता खताच्या खड्ड्यात टाकावे व जंताचे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळेवर द्यावे. गुरांचा वावर असलेल्या पाण्यातील कोणतीही पालेभाजी कच्ची खाऊ नये.

शिक्षकांना हा धडा वर्गात सहज देता येईल. ओल्या कापडावर अळीव पेरल्यास दोन-तीन दिवसांत अंकुर दिसतात. त्यांच्या साक्षीने मुलांना झाड, गोगलगाय, गुरे व माणूस यांना जोडणारी पाण्याची साखळी समजावून सांगावी. पान कितीही पौष्टिक असले, तरी ज्या पाण्यात ते वाढले त्या पाण्याहून ते अधिक निर्मळ असू शकत नाही. गावाने आपले पाणी राखले, तर भाजी, गुरे आणि माणसे या तिघांचेही आरोग्य राखले जाईल.