समितीत अडकलेले विधेयक कोणाचे?

अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात मांडलेले विधेयक आधी समितीकडे जाते आणि बहुतेक वेळा तिथेच राहते. समितीच्या अध्यक्षाने ते चर्चेला घेतलेच नाही, तर ते फेटाळलेही जात नाही. नुसते पडून राहते आणि सभागृहाची दोन वर्षांची मुदत संपली की आपोआप बाद होते. सभापती जोसेफ कॅनन यांच्या एकहाती कारभाराविरुद्ध बंड झाले, त्यानंतर १९१० मध्ये यावर ‘डिस्चार्ज पिटिशन’चा उतारा निघाला. आजच्या नियमानुसार विधेयक समितीत कामकाजाचे ३० दिवस अडकले की कोणीही सदस्य अर्ज ठेवू शकतो आणि ४३५ पैकी २१८ जणांनी सह्या केल्या की ते सभागृहापुढे आणता येते. १९३१ मध्ये १४५ सह्या पुरत होत्या. १९३५ मध्ये अट पुन्हा २१८ वर गेली. किमान वेतनाचे विधेयक १९३८ मध्ये, कोणते विधेयक सभागृहात कधी यावे हे ठरवणाऱ्या नियम समितीने रोखून धरले होते. अर्ज ठेवताच अडीच तासांच्या आत २१८ सह्या पडल्या आणि ताशी २५ सेंट किमान वेतनाचा कायदा झाला. बहुमत तयारच होते. अडवणूक मूठभरांची होती.

समित्या मोडीत काढल्या तर कायदे घाईघाईने होतील, हा आक्षेप खरा आहे. आपल्याकडे सतराव्या लोकसभेत जेमतेम १६ टक्के विधेयके समितीकडे गेली, त्याचे तोटे आपण पाहतोच. पण छाननीचा हक्क वेगळा आणि दडपून ठेवण्याचा वेगळा. ३० दिवस छाननीला मिळतातच, शिवाय २१८ म्हणजे सभागृहाचे पूर्ण बहुमत. अल्पमताला हा मार्ग वापरताच येत नाही. असे अर्ज क्वचितच पार पडतात, असेही म्हणतात. पण धाकानेही काम होते. १९६४ च्या नागरी हक्क विधेयकाच्या वेळी अर्जावर सह्या जमू लागल्या आणि नियम समितीचे अध्यक्ष हॉवर्ड स्मिथ यांना सुनावणी सुरू करावी लागली. सर्वांत मोलाचा बदल मात्र १९९३ चा. तोवर सह्या करणाऱ्यांची नावे गुप्त असत. मतदारसंघात विधेयकाचा कैवार घ्यायचा आणि अर्जाकडे फिरकायचे नाही, हे सहज जमायचे. नावे उघड झाली आणि ती पळवाट बंद झाली.

तरीही सभापतींच्या हाती बरेच उरते. एप्रिल २०२५ मध्ये, नुकतेच आई-वडील झालेल्या सदस्यांना सहकाऱ्याकरवी मतदान करू द्यावे, या अर्जाला २१८ सह्या झाल्यावरही नेतृत्वाने तो नियमाच्या आधारे निकालात काढू पाहिला. तो डाव २२२ विरुद्ध २०६ मतांनी उधळला. एपस्टीन प्रकरणाच्या कागदपत्रांसाठीच्या अर्जाला शेवटची सही हवी होती ॲडेलिता ग्रिहाल्वा यांची. त्या २३ सप्टेंबर २०२५ ला निवडून आल्या, शपथ मिळाली १२ नोव्हेंबरला. सही त्याच दिवशी झाली आणि सहा दिवसांनी विधेयक ४२७ विरुद्ध १ मताने संमत झाले. म्हणून २१८ ची अट तशीच राहावी. पण निवडून आलेल्याला किती दिवसांत शपथ द्यायची आणि सह्या पुऱ्या झालेल्या अर्जावर मतदान कसे टाळता येणार नाही, हे सभापतींच्या मर्जीवर न सोडता नियमातच लिहायला हवे.