ध्रुवतारा म्हणजे ध्रुवबिंदू नव्हे

विषुववृत्तीय बैठकीवर दुर्बीण चढविणाऱ्या नवशिक्या निरीक्षकाचा पहिला गैरसमज बालपणी ऐकलेल्या ध्रुवबाळाच्या कथेत रुजलेला असतो. ज्याला अढळपद लाभले तो तारा तसूभरही हलत नसणार, तेव्हा बैठकीचा मुख्य अक्ष त्याच्यावर रोखला की काम फत्ते झाले, असे त्याला सहजच वाटते. वस्तुतः ध्रुवतारा आज खऱ्या खगोलीय ध्रुवबिंदूपासून सुमारे ३८ कला, म्हणजे पूर्णचंद्राच्या बिंबाच्या रुंदीहूनही अधिक दूर असून, इतर ताऱ्यांप्रमाणे तोही त्या बिंदूभोवती रोज एक लहानशी प्रदक्षिणा घालतो. पृथ्वीच्या परांचन गतीमुळे हे अंतर इ. स. २१०० च्या सुमारास २७ कलांपर्यंत घटेल आणि मग पुन्हा वाढू लागेल. तूर्त अक्ष थेट ताऱ्यावर रोखला, तर आकाशाच्या काही भागांत प्रतिमा दर मिनिटास १० विकलांपर्यंत सरकते. चार-साडेचार मिनिटांत गुरूच्या बिंबाएवढी! दुर्बिणीला डोळा लावून शनीची कडी न्याहाळणाऱ्याने त्याची फिकीर करू नये, परंतु दीर्घकाळ प्रकाश साठवून घेतलेले छायाचित्र त्याने हमखास बिघडते. यावर तोड अशी की, ध्रुवताऱ्यापासून ध्रुवमत्स्यातील कोचाब ताऱ्याकडे मनाने रेषा ओढावी. खरा बिंदू जवळजवळ त्याच रेषेवर, वर सांगितलेल्या अंतरावर असतो. अक्षातील लहान दुर्बिणीत मात्र दृश्य बहुधा उलटे दिसते, याची दखल घ्यावी.

तिपाई पाणसळीने काटेकोर समतल झालीच पाहिजे, हाही असाच एक समज. अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला म्हणजे पुरे. तिपाई कललेली असली तर उंचीचा व दिशेचा स्क्रू एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करतात, एवढीच अडचण. दिशेसाठी होकायंत्रावर विसंबणेही फसवे; ते चुंबकीय उत्तर दाखविते, आणि जवळच्या लोखंडाने तेही बहकते. संगणकीय बैठकीला दोन-तीन तारे दाखविले की ती पुढचे तारे अचूक शोधते खरी, परंतु अक्षाचा कसूर त्याने दुरुस्त होत नाही.

इमारतीच्या आड ध्रुवतारा दिसत नाही म्हणून निराश होणारे पुष्कळ भेटतात, तेही विनाकारण. याम्योत्तर वृत्ताजवळचा, खगोलीय विषुववृत्तालगतचा एखादा तारा नेत्रिकेतील तंतूवर धरावा. नळी किंचित उत्तरेकडे ढकलली असता तो ज्या बाजूस सरतो, ती दृष्टिक्षेत्राची दक्षिण बाजू. आपल्या उत्तर गोलार्धात तारा हळूहळू दक्षिणेस ढळू लागला, तर अक्ष ध्रुवबिंदूच्या पूर्वेस आहे, उत्तरेस ढळला तर पश्चिमेस. त्याप्रमाणे दिशा सुधारून मग पूर्व क्षितिजाजवळचा तारा घ्यावा. तो दक्षिणेस ढळल्यास अक्ष खाली, उत्तरेस ढळल्यास वर. तारा तंतूवर स्थिर राहीपर्यंत दोन्ही दुरुस्त्या आळीपाळीने कराव्या.